नुसते माहीत, की ओळखीचे?

तुळजापुरासारख्या क्षेत्राच्या गावी ज्या बाईने पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवली, तिला लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "बाई, इंग्रजीतला सर्वांत अवघड शब्द कोणता हो?" विचारणाऱ्याची अपेक्षा अशी असते, की बाई आता हातभर लांबीचा, जीभ बोबडी वळवणारा एखादा शब्द फेकतील. माझे उत्तर ऐकून त्याची निराशा होते. इंग्रजीतला सर्वांत अवघड शब्द अवघ्या चार अक्षरांचा आहे आणि तो पहिल्याच वर्षी शिकवला जातो. तो शब्द म्हणजे 'नो'. 'नाही' या अर्थाचा नव्हे. 'जाणणे' या अर्थाचा, 'के' या अक्षराने सुरू होणारा.

पहिली अडचण कानाचीच. होकाराच्या पोटात नकार दडलेला. वर्गात "डू यू नो?" असे विचारले, की साठ मुले एका सुरात "नो!" म्हणून ओरडत. आता याला माहीत आहे म्हणायचे, की नाही म्हणायचे, हे त्या भवानीलाच ठाऊक!

दुसरी अडचण त्या 'के'ची. "बाई, बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला?" हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारीच. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मोठे गोड आहे. हा 'के' एके काळी इंग्लंडात उच्चारला जात असे. इंग्रजी, लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत ही दूरची भावंडे. संस्कृतात जो 'ज्ञा' धातू, त्याचेच लॅटिनमध्ये 'ग्न' झाले, आणि इंग्रजीच्या घरी जाताना त्या 'ग'चा 'क' झाला. म्हणजे आपण ज्याला 'ज्ञान' म्हणतो, 'जाण' म्हणतो, त्याच घराण्यातला हा 'नो'. पुढे त्याचा उच्चार गेला, पण इंग्रज माणूस मोठा जपणारा. वाडा पडला तरी दाराची चौकट ठेवावी तसे त्याने ते अक्षर ठेवून दिले. इतके सांगितले, की तो 'के' मुले पुन्हा विसरत नसत. परका वाटणारा शब्द एकदम चुलतभाऊ निघाला, की त्याची भीती कशी राहील?

परंतु खरी अडचण तिसरी, आणि ती अर्थाची आहे. इंग्रज एकाच 'नो'वर जी कामे भागवतो, त्यांसाठी आपण निरनिराळी माणसे ठेवली आहेत. तुळजापूर कोठे आहे हे मला 'माहीत' असते, पोहायला मला 'येते', गणित मला 'समजते', बातमी मला 'कळते', शेजाऱ्याला मी 'ओळखते', आणि दुसऱ्याचे दुःख मी 'जाणते'. इंग्रजीत या सहाही ठिकाणी 'नो' कसाबसा बसवता येतो. एका इंग्रजी म्हणीत तर तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा निराळा असतो. व्यवहारात तुम्ही 'काय' नो करता याला महत्त्व नाही, 'कोणाला' नो करता याला आहे, असे ते म्हणतात. मराठीत हे सांगायला दोन शब्द लागतात. तुम्हाला काय माहीत आहे हे कोणी विचारत नाही. तुमची ओळख कोणाशी आहे ते बोला!

जर्मन आणि फ्रेंच लोकांनीही आपल्यासारखेच दोन शब्द ठेवले आहेत, एक माहितीसाठी आणि एक ओळखीसाठी. इंग्रजीतही पूर्वी असे वेगळे शब्द होते. 'विट' हा त्यांतला एक. तो आपल्या 'विद्' आणि 'वेद' यांचा नातेवाईक. दुसरा 'केन', तो स्कॉटलंडात अजून नांदतो आहे. बाकी सगळा प्रपंच 'नो'च्या गळ्यात पडला. म्हणून इंग्रजाने त्याच्या हाताखाली बारीक बारीक शब्द दिले. 'आय नो ऑफ हिम' म्हणजे त्याचे नाव ऐकून आहे. 'आय नो अबाउट हिम' म्हणजे त्याची माहिती आहे. 'आय नो हिम' म्हणजे मात्र त्याच्याशी ओळख आहे. पंतप्रधानांविषयी आपल्याला पुष्कळ माहिती असते. पण "आय नो द प्राइम मिनिस्टर" असे म्हणाल, तर ऐकणारा लगेच चिठ्ठी मागेल!

आता थोडे आपल्या शब्दांकडे वळू. 'माहीत' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो बाहेरून आला आहे असे सांगितले तर पटत नाही. तो अरबीतून आला. 'माहियत' म्हणजे एखादी वस्तू मुळात काय आहे ते. 'ठाऊक' हा 'ठाव' शब्दावरून झाला. म्हणजे ती वस्तू कोठे आहे, किती खोल आहे ते. 'ओळख' या शब्दाचे नाते 'लक्ष', 'लक्षण' या शब्दांशी. म्हणजे खूण पाहून 'हा तोच' असे म्हणणे. वस्तू काय आहे, ती कोठे आहे, आणि ती हीच, अशा ज्ञानाच्या तीन पायऱ्या आपण रोज चहा पिता पिता चढत असतो आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

आमच्या भागात अरबी-फारसी शब्दांचे अप्रूप नाही. तुळजापूर १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी कामकाज उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचे शिक्षणसुद्धा उर्दूतून होत असे. येथून सोलापूर अवघे पंचेचाळीस किलोमीटर. पण ते ब्रिटिश मुलखात, तेथे इंग्रजीचा अंमल. मोटारीने तासाभराच्या अंतरावर साहेबाची भाषा बदलत असे. माझ्या सासऱ्यांना उर्दू उत्तम येई आणि इंग्रजीची नुसती अक्षरओळख होती. ते म्हणत, "मी त्या भाषेला दुरून वाकिफ आहे." १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि इंग्रजी आमच्या गावात आली ती अशी उशिराने आणि पुस्तकातून. बाजारातून आली नाही, शेजारातून आली नाही. हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

कारण बाजारातून ज्या भाषा आल्या, त्यांची तऱ्हाच निराळी. आई भवानीच्या दर्शनाला केवळ मराठी माणूस येत नाही. विजापूर, गुलबर्गा, बीदर या बाजूचे कानडी भक्त येतात, हैदराबादकडचे तेलुगू भक्त येतात. दसऱ्यानंतर आश्विनातल्या पौर्णिमेला तर सोलापुराहून येणारा रस्ता पायी चालणाऱ्यांनी नुसता फुलून जातो. हळद-कुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या, खण-नारळ विकणारा आमचा दुकानदार गिऱ्हाइकाचे तोंड उघडण्याआधी त्याची भाषा ओळखतो. कानडी असेल तर 'एष्टु' आणि तेलुगू असेल तर 'एंता' हा किमतीचा प्रश्न येणार, हे त्याला ठाऊक असते. व्याकरणाचे पुस्तक त्याने बापजन्मी पाहिलेले नसते.

या भाषांतली एक मौज मला फार उशिरा दिसली. कानडी माणूस 'मला माहीत आहे' हे 'ननगे गोत्तु' असे म्हणतो. तेलुगू माणूस 'नाकु तेलुसु' म्हणतो. उर्दूवाला 'मुझे मालूम है' म्हणतो. चौघांच्याही तोंडी 'मला' आहे. 'मी' कोठेच नाही. भाषा येते म्हणायचे असेल तर मराठीत 'मला येते', कानडीत 'बरुत्ते', तेलुगूत 'वच्चु'. तिन्हीकडे येण्याचेच क्रियापद! म्हणजे ज्ञान हे पाहुण्यासारखे आपल्या दारी येते, असे या महाद्वारापुढे जमणाऱ्या सगळ्या भाषांचे मत आहे. इंग्रज तेवढा 'आय नो' म्हणतो. त्याच्या वाक्यात कर्ता तो स्वतः. जाणणारा तो आणि जाणण्याचे कामही त्याचेच.

परंतु थांबा. मराठीत एक ठिकाण असे आहे, की जेथे आपणही 'मी' म्हणतो. मला माहीत असते, मला ठाऊक असते, मला कळते, मला येते. पण 'मी ओळखते'. तेथे 'मला' चालत नाही. आणखी एक गंमत पाहा. माहिती 'कशाची तरी' असते. ओळख 'कोणाशी तरी' असते. माहितीला एकच माणूस पुरतो, ओळखीला दोघे लागतात. तुमची माहिती मला असली, म्हणजे माझी तुम्हाला असेलच असे नाही. पण माझी तुमच्याशी ओळख असेल, तर तुमची माझ्याशी असलीच पाहिजे. माहिती चालत येते. ओळख आपल्याला उठून करून घ्यावी लागते. व्याकरणाच्या पुस्तकात हे इतक्या शब्दांत लिहिलेले नसते, परंतु आपल्या बोलण्यात ते पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे.

आता इंग्रजांचे वाक्प्रचार पाहू, म्हणजे त्यांचे लोक कशाकशाच्या आधाराने ओळख सांगतात ते दिसेल. एखाद्या कामातले बारकावे माहीत असणाऱ्याला ते 'नोज द रोप्स', दोर जाणणारा, असे म्हणतात. शिडाच्या जहाजावर शेकडो दोर. कोणता ओढला की कोणते शीड हलते हे ज्याला कळले तो खरा खलाशी. तेथून हा वाक्प्रचार आला असे बहुतेक जण मानतात. दर्यावर्दी लोकांना दोर सुचले. आपण रस्त्याने पायी चालणारी माणसे, म्हणून आपल्याला त्या कामातले 'खाचखळगे' माहीत असतात. अनुभवी माणूस आपल्याकडे 'बारा गावचे पाणी प्यालेला' असतो, नाहीतर लोणच्यासारखा 'मुरलेला'.

अगदी पुरते ठाऊक असलेल्या गोष्टीला इंग्रज तळहाताच्या पाठीची उपमा देतो. आपण हात उलटा करतो आणि तळहातावरचा आवळा दाखवतो! पाठ केलेले इंग्रजाच्या हृदयात असते. तो 'बाय हार्ट' म्हणतो. आपले असते तोंडात आणि कंठात: तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. यात कोण बरोबर, या वादात मी शिरत नाही. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेले हृदयापर्यंत पोचत नाही, तोंडातच राहते, हे मी शेकडो उत्तरपत्रिका तपासून सांगू शकते. या बाबतीत मराठी अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

रस्त्यात भेटल्यावर मान हलवण्यापुरती जी ओळख, ती इंग्रजीत 'नॉडिंग अक्वेंटन्स', आपली 'तोंडओळख'. दोघांना एकमेकांची सारी अंडीपिल्ली ठाऊक असली, तर आपण 'ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी' म्हणतो. अतिपरिचयाने अवज्ञा होते हे दोन्ही समाजांना कळले आहे. इंग्रज त्यासाठी 'फॅमिलिॲरिटी' हा शब्द वापरतो. 'फॅमिलिअर' शब्द लॅटिनमधल्या 'फॅमिलिया'पासून आला. त्याचा अर्थ केवळ आईबाप आणि मुले असा नव्हता. घरातले नोकरचाकर, गुलाम, सारा गोतावळा त्यात येई. फॅमिलिअर म्हणजे घरातला, उंबऱ्याच्या आतला. म्हणून रस्ता फॅमिलिअर असावा, पुस्तक असावे, गाणे असावे. माणसाच्या बाबतीत मात्र हा शब्द जपून वापरावा. "आय ॲम व्हेरी फॅमिलिअर विथ माय हेडमास्टर" असे एका मुलाने निबंधात लिहिले होते. त्याला सांगायचे होते, की मी सरांना चांगला ओळखतो. इंग्रज वाचील, की हा पोरगा सरांशी भलतीच सलगी करतो!

असो. हे सारे नुसत्या शब्दांचे खेळ असते, तर दिवाळीत चार घटका करमणूक झाली म्हणून मी येथेच थांबले असते. पण या दोन शब्दांमधल्या अंतरात आमच्याकडच्या मुलामुलींची आयुष्ये अडकतात, म्हणून पुढचे सांगते.

माझी एक विद्यार्थिनी होती. महाद्वाराच्या रस्त्यावर वडिलांचे कुंकवाचे दुकान. आठव्या वर्षापासून ही गल्ल्यावर बसे. हुशार, चुणचुणीत. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तिची पिढी त्यानंतरची. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी झालेली. वाक्प्रचार तिला दोनशे तरी पाठ. अर्थ विचारा, वाक्यात उपयोग विचारा, एकही गुण जायचा नाही. पदवी झाली आणि पुण्यातल्या एका कचेरीतून मुलाखतीला बोलावणे आले. तेथे विचारले, कोणकोणत्या भाषा येतात? तिने सांगितले, "आय ॲम नोइंग कन्नड अँड तेलुगू ऑल्सो."

समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकाला हसू आवरले नाही. इंग्रजीत 'नो' हे क्रियापद चालू कामासारखे वापरत नाहीत. धावणे चालू असते, जेवणे चालू असते, पण जाणणे ही स्थिती आहे, ते चालू असत नाही, असा त्यांचा नियम. नियम तिलाही माहीत होता; त्यावर तिने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण त्या हसण्यानंतर तिचे तोंड मिटले ते मिटलेच. पुढच्या प्रश्नांची उत्तरे येत असून एक शब्द बाहेर पडला नाही. चार भाषांत गिऱ्हाईक पटवणारी मुलगी एका वाक्यापायी मुकी होऊन घरी आली. वर्षभर ती इंग्रजीचे नाव काढीना. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली.

एक दिवस मी दुकानात बसले असताना तिला सहज विचारले, "तुला कानडी कोणी गं शिकवली?"

"कोणी न्हाई, बाई. येती मला."

"पण आली कशी?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "गिऱ्हाईक आलं, त्याच्यासंगं आली."

मंडळी, भाषा शिकवण्याच्या शास्त्रावर पुष्कळ जाड पुस्तके आहेत. पण त्यांचे सार या चार शब्दांत आले आहे असे मला वाटते. कानडी तिच्याकडे माणसाबरोबर आली. गिऱ्हाईक हसले तर तिच्या चुकीला नाही, तिच्या धिटाईला हसले, आणि माळ घेऊन गेले. इंग्रजी तिच्याकडे आली ती एकटी, प्रश्नपत्रिकेतून. तिच्याविषयी सारे माहीत झाले. तिच्याशी ओळख कधी झालीच नाही.

तुळजापुरात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या मुंबईच्या संस्थेचे एक आवार आहे. तेथे शिकायला देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात आणि शिकणे इंग्रजीतून चालते. ती मुले बाजारात येत, तेव्हा त्यांची मराठी हिच्या इंग्रजीइतकीच अडखळणारी. मी तिला म्हटले, "हेही गिऱ्हाईकच. ती तुझ्याकडून मराठी घेतील, तू त्यांच्याकडून इंग्रजी घे. तागडी दोन्हीकडे सारखी." आसामकडच्या दोन मुली तिच्या मैत्रिणी झाल्या. त्या 'हळद' म्हणताना 'हलद' म्हणत आणि ही हसे. ही 'नोइंग' म्हणे आणि त्या हसत. त्या हसण्यात आणि पुण्याच्या हसण्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. दोन वर्षांत इंग्रजी तिच्या तोंडी बसली. आज ती सोलापूरला बँकेत नोकरीला आहे. घाईत अजूनही कधी 'आय ॲम नोइंग' निघते. समोरच्याला ते कळते आणि काम होते.

शहरातल्या वाचकांना वाटेल, की हे दुखणे खेड्यापाड्यांचे. आमची मुले इंग्रजी शाळेत जातात, आम्हाला याची काळजी नाही. तर मग माझ्या नातवाची हकिकत ऐका. तो पुण्याला राहतो, इंग्रजी शाळेत पाचवीत आहे, आणि सुटीत इकडे येतो. मराठीत त्याला चांगले गुण मिळतात. मागच्या सुटीत मी त्याला विचारले, "तोंडओळख म्हणजे काय रे?" क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "सोपं आहे, आज्जी! बाबांचा मोबाईल तोंड बघून उघडतो ना, ती!"

आम्ही सारे पोट धरधरून हसलो. पुढे विचार करताना मात्र वाटले, की पोराने भलतेच खरे सांगितले. त्या यंत्राला आपल्या चेहऱ्याची संपूर्ण माहिती असते, आणि ओळख मुळीच नसते. आपण हसतो की रडतो, त्याला सोयरसुतक नाही. खुणा जुळल्या की कुलूप उघडले. मुलांचेही आपण असेच करू लागलो आहोत की काय? दुकानातल्या त्या मुलीला इंग्रजीची जशी नुसती माहिती होती, तशी माझ्या नातवाला मराठीची आहे. परडी म्हणजे टोपली, गोंधळ म्हणजे देवीचे गाणे, असे अर्थ त्याला येतात. पण संबळ वाजू लागल्यावर अंगावर काटा येतो, हे अर्थात लिहिलेले नसते. त्यासाठी रात्री अंगणात बसावे लागते.

कुळाचाराला येणाऱ्या शहरी कुटुंबांचेही तेच दिसते. आपली कुलदेवता तुळजाभवानी, हे सर्वांना माहीत असते. पण आपले पुजारी कोण, आजोबा येत तेव्हा कोणाकडे उतरत, हे विचारले की थोरले धाकट्याकडे आणि धाकटे थोरल्याकडे पाहतात. मग पुजारी आडनाव आणि मूळ गाव विचारतो, आठवून आठवून दोन पिढ्यांमागचे एखादे नाव सांगतो, आणि त्या नावासरशी आलेल्या मंडळींचे चेहरे कसे बदलतात, ते मी पुष्कळदा पाहिले आहे. एवढा वेळ ती देवळात आली होती. आता घरी आल्यासारखी होतात.

तेव्हा या दिवाळीत एक करून पाहा. फराळाला घरची लहानथोर मंडळी जमली, की मुलांना शब्दाचा अर्थ विचारू नका; तो शब्द घेऊन त्यांच्याशी बोला. ज्याला मराठी अडते त्याच्याशी मराठीत गप्पा मारा, ज्याला इंग्रजी अडते त्याच्याशी इंग्रजीत. चूक झाली तर हसा, पण त्या आसामच्या मुलींसारखे हसा. आणि गावाकडचे कोणी 'आय ॲम नोइंग' म्हणाले, तर ते मनावर घेऊ नका. इंग्रजाच्या व्याकरणात जाणणे चालू नसेल. पण ओळख करून घेणे हे काम जन्मभर चालूच असते.